विश्लेषण : मुलाला एकट्याला काय येते, एवढेच का मोजायचे? ३७व्या वर्षी गेलेल्या वायगॉट्स्कींचा सिद्धांत काय सांगतो?

शिक्षक पात्रता परीक्षेची (टीईटी) तयारी करणाऱ्यांना लेव्ह वायगॉट्स्की हे नाव पाठ असते. केंद्रीय टीईटीच्या अभ्यासक्रमात तर पियाजे आणि कोलबर्ग यांच्या बरोबरीने ते छापलेलेच आहे. चार पर्यायांतून ‘निकट विकास क्षेत्र’ या संकल्पनेपुढे वायगॉट्स्कींचे नाव निवडायचे आणि गुण मिळवायचा, इथवर बहुतेकांची ओळख थांबते. गंमत म्हणजे, एकट्याने दिलेल्या चाचणीतून मुलाबद्दल निम्मेच कळते असे सांगणारे हेच ते मानसशास्त्रज्ञ. मानसशास्त्रात त्यांना जेमतेम दहा वर्षे मिळाली. त्यातलाही बराच काळ आजारपणात गेला आणि मृत्यूनंतर दोनच वर्षांत मायदेशात त्यांचे काम बाजूला टाकले गेले. मग ते जगभरातल्या शिक्षकांच्या अभ्यासक्रमात पोहोचले कसे?

कोण होते वायगॉट्स्की?

जन्म १७ नोव्हेंबर १८९६ चा, ओर्शा या गावातला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते, आज बेलारूसमध्ये आहे. कुटुंब ज्यू. वडील बँकेत अधिकारी, आईने शिक्षिकेचे शिक्षण घेतलेले. आठ भावंडांत लेव्ह दुसरे. लहानपण गोमेल शहरात गेले. सुरुवातीची काही वर्षे ते शाळेत गेले नाहीत. सॉलोमन आश्पिझ नावाचे शिक्षक घरी शिकवत. विद्यार्थी चळवळीत भाग घेतल्याबद्दल सायबेरियात हद्दपारी भोगून आलेले हे गृहस्थ. उत्तर सांगून टाकण्याऐवजी प्रश्नामागून प्रश्न विचारत मुलालाच उत्तरापर्यंत नेण्याची त्यांची पद्धत होती.

मॉस्को विद्यापीठात तेव्हा ज्यू विद्यार्थ्यांसाठी ३ टक्केच जागा असत. सुवर्णपदक मिळवणाऱ्याला त्यातली एक मिळणार हे जवळपास ठरलेले. वायगॉट्स्की १९१३ मध्ये अंतिम परीक्षा देत होते आणि नेमका तेव्हाच नियम बदलला. यापुढे या जागा गुणवत्तेवर न देता चिठ्ठ्या टाकून द्यायच्या, असे सरकारने ठरवले. वायगॉट्स्कींना पदक मिळाले, पण त्याचा उपयोग उरला नव्हता. प्रवेश मिळाला तो चिठ्ठीत नाव निघाले म्हणून. या प्रसंगाचा त्यांच्या पुढच्या सिद्धांताशी थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरेल. तरी मुलांच्या मापनावर पुढे इतका विचार करणाऱ्या माणसाचे स्वतःचे शिक्षण एका चिठ्ठीवर अवलंबून होते, हे लक्षात राहते.

आधी त्यांनी वैद्यकशास्त्र निवडले. ज्यूंना साम्राज्याच्या ठरावीक पट्ट्याबाहेर राहायला बंदी होती आणि डॉक्टरांना त्यातून सवलत मिळे, म्हणून घरच्यांचाही तोच आग्रह होता. महिनाभरात मन उडाले आणि ते कायद्याकडे वळले. त्याच वेळी मॉस्कोतल्याच शान्याव्स्की या खासगी विद्यापीठात तत्त्वज्ञान, इतिहास आणि साहित्याचे वर्ग सुरू होते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’वर त्यांनी प्रबंध लिहिला तो याच काळात. १९१७ मध्ये शिक्षण आटोपून ते गोमेलला परतले.

शाळामास्तर मानसशास्त्रज्ञ कसा झाला?

पुढची सहा-सात वर्षे कठीण होती. राज्यक्रांती, जर्मन सैन्याचा ताबा, यादवी युद्ध. धाकटा भाऊ क्षयाने गेला. त्यापाठोपाठ वर्षभराच्या आत आणखी एक भाऊ विषमज्वराने गेला. घरातला क्षय १९२० च्या सुमारास लेव्ह यांच्यापर्यंतही पोहोचला. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला १९४३ उजाडावे लागले.

या काळात ते गोमेलच्या शाळांत साहित्य आणि अध्यापक विद्यालयात मानसशास्त्र शिकवत होते. त्या विद्यालयातच त्यांनी छोटी प्रयोगशाळा थाटली. मानसशास्त्राची पदवी त्यांनी कधीच घेतली नव्हती. जानेवारी १९२४ मध्ये पेट्रोग्राडला मानसशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे या अनोळखी शिक्षकाने जे मांडले, ते तेव्हा जोरात असलेल्या विचारप्रवाहाच्या उलट होते. माणसाचे वागणे केवळ उद्दीपन आणि प्रतिक्रिया यांच्या साखळीतून समजणार नाही, जाणीव म्हणजे काय याचाही अभ्यास विज्ञानाने केला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. श्रोत्यांत अलेक्झांडर लुरिया नावाचा तरुण संशोधक होता. त्या भाषणानंतर वायगॉट्स्कींना मॉस्कोच्या प्रायोगिक मानसशास्त्र संस्थेत बोलावणे आले. त्याच वर्षी रोझा स्मेखोवा यांच्याशी लग्न झाले. नवे बिऱ्हाड मांडले ते संस्थेच्याच तळघरातल्या खोलीत.

लुरिया, अलेक्सेई लिओन्तिएव्ह आणि वायगॉट्स्की हे त्रिकूट इथे जमले. सुरुवातीला वायगॉट्स्कींकडे जबाबदारी आली ती अंध, मूकबधिर आणि मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांच्या शिक्षणाची. या मुलांमधूनच त्यांना पुढची दिशा सापडली. डोळ्यांनी वाचणे आणि बोटांनी ब्रेल वाचणे यात मार्ग वेगळा असला तरी वाचन तेच, हे त्यांनी ठासून मांडले. अंधत्वाने जेवढे अडते, त्याहून जास्त अडते ते भोवतालच्या लोकांनी त्या मुलाला व्यवहारातून बाजूला केल्यामुळे. मुलाला जे दिसत नाही त्याची यादी करण्याऐवजी त्याला माणसांत आणणारा दुसरा रस्ता शोधा, असे त्यांचे सांगणे होते. शंभर वर्षांपूर्वीच्या मानाने हे फारच पुढचे होते.

१९२५ मध्ये मूकबधिरांच्या शिक्षणावरील परिषदेसाठी ते लंडनला गेले. परदेशप्रवास एवढा एकच. परतल्यावर क्षय उलटला. प्रबंधाची जाहीर परीक्षा देण्याइतकेही त्राण नव्हते, त्यातून सूट देऊन पदवी द्यावी लागली. पुढचे कित्येक महिने रुग्णालयात काढले.

मन बाहेरून आत जाते म्हणजे काय?

वायगॉट्स्कींचा पाया समजायला त्यांचेच उदाहरण सोपे पडते. तान्हे मूल दूरच्या वस्तूकडे हात लांबवते. हात पोहोचत नाही, बोटे हवेत वळवळतात. यात खूण वगैरे काही नाही, फसलेला प्रयत्न आहे. पण आईला त्याचा अर्थ कळतो आणि ती वस्तू देते. हे पुन्हा पुन्हा घडले की मूल वस्तूकडे नव्हे, आईकडे बघत हात करू लागते. आता ते बोट दाखवणे झाले. म्हणजे खुणेचा अर्थ आधी दुसऱ्याला कळला आणि मुलाला सर्वांत शेवटी.

लक्ष देणे, आठवण ठेवणे, विचार करणे या सगळ्या वरच्या पातळीवरच्या क्षमता अशाच आधी दोन माणसांच्या व्यवहारात असतात आणि नंतर एकाच्या आत जातात, हे त्यांच्या सिद्धांताचे सूत्र. हा प्रवास घडवतात ती साधने, म्हणजे खुणा, आकडे, लिपी आणि सर्वांत महत्त्वाची भाषा. काही विसरू नये म्हणून गाठ मारून ठेवणे हे त्यांचे आवडते उदाहरण. मराठी घरांत पदराला गाठ मारत, तसेच. गाठ मारणारा माणूस स्वतःच्या स्मरणशक्तीला बाहेरून आधार देतो आणि मग त्याचे आठवणेच वेगळ्या प्रकारचे होते. मोबाइलमधला रिमाइंडर ही त्याच कुळातली वस्तू.

लिओन्तिएव्ह यांनी यावर एक खेळ रचला. मुलांना रंगांबद्दल प्रश्न विचारायचे, पण दोन रंगांची नावे घ्यायची नाहीत आणि एक नाव दुसऱ्यांदा घ्यायचे नाही. मदतीला रंगीत पत्ते दिलेले. अगदी लहान मुलांना पत्त्यांचे काय करायचे तेच उमगत नाही. थोडी मोठी मुले बंदी असलेले रंग बाजूला काढून ठेवतात आणि चुका कमी होतात. प्रौढांना पत्त्यांवाचूनही जमते, कारण ती युक्ती एव्हाना डोक्यात गेलेली असते.

पियाजेंशी मतभेद कशावरून?

स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे आणि वायगॉट्स्की एकाच वर्षी, १८९६ मध्ये जन्मले. पियाजेंचे मुलांच्या भाषेवरचे पुस्तक १९२३ मध्ये आले आणि गाजले. खेळताना मुले स्वतःशीच बडबडतात, समोरच्याला कळते की नाही याची पर्वा करत नाहीत, हे त्यांनी टिपले होते. मूल आपल्याच जगात असल्याची ही खूण. मोठे होऊन इतरांशी बोलायला शिकले की ती बडबड विरून जाते, असा पियाजेंचा त्या वेळचा निष्कर्ष होता.

वायगॉट्स्कींनी रशियन आवृत्तीला प्रस्तावना लिहिली आणि त्यातच हा निष्कर्ष उलटा केला. त्यासाठी त्यांनी व सहकाऱ्यांनी मुलांच्या कामात मुद्दाम विघ्ने आणली. चित्र काढताना हवा तो रंगीत खडूच गायब करायचा, कागद द्यायचाच नाही. अडचण आली की स्वतःशी बोलणे जवळपास दुप्पट होई. एक साडेपाच वर्षांचा मुलगा ट्रामचे चित्र काढत होता. चाक काढताना पेन्सिलीचे टोक मोडले. मोडले, असे तो पुटपुटला, पेन्सिल ठेवून रंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम रंगवू लागला. तोंडातून निघालेल्या शब्दाने चित्राचा बेतच बदलला होता. ही बडबड म्हणजे मूल स्वतःला सूचना देऊन विचार करत असते, असे वायगॉट्स्की म्हणत.

आणखी एक प्रयोग जास्त बोलका आहे. मुलाला मूकबधिर मुलांमध्ये किंवा परकी भाषा बोलणाऱ्या मुलांमध्ये बसवले. बडबड खरोखर स्वतःपुरती असती, तर ती कमी व्हायचे कारण नव्हते. ती झपाट्याने घटली. म्हणजे तिचे मूळ इतरांशी होणाऱ्या बोलण्यात होते. मोठेपणी ती नाहीशी न होता आवाज गमावून आत जाते. हिशेब करताना किंवा रस्ता शोधताना प्रौढ माणूस मनात बोलतो, ते हेच.

पियाजेंना ही टीका नीट वाचायला मिळाली ती १९६२ मध्ये, इंग्रजी अनुवादाच्या निमित्ताने. वायगॉट्स्कींना जाऊन तेव्हा २८ वर्षे झाली होती. स्वतःशी बोलण्याबाबतचा मुद्दा पियाजेंनी बराचसा मान्य केला, आपल्या काही हरकती नोंदवल्या आणि प्रत्यक्ष चर्चा राहून गेल्याची खंतही व्यक्त केली.

उझबेकिस्तानच्या मोहिमेत काय झाले?

साधने बदलली की विचार बदलतो, हे तपासायला १९३१ आणि १९३२ मध्ये लुरिया उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. प्रकृतीमुळे वायगॉट्स्कींना जाता आले नाही, ते पत्रांतून निष्कर्ष वाचत होते. निरक्षर शेतकऱ्यांना कोडी घातली जात. बर्फाळ उत्तरेत सगळी अस्वले पांढरी असतात, अमुक बेट उत्तरेत आहे, तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? अनेकांचे उत्तर साधारण असे होते की तिथे आपण गेलो नाही, न पाहिलेल्याबद्दल कसे सांगणार. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतून वेगळी वस्तू काढायला सांगितली तर ते काढेनात. ओंडक्याशिवाय करवत काय कामाची? थोडीफार शाळा शिकलेल्यांनी किंवा सामूहिक शेतीच्या कामात आलेल्यांनी मात्र अपेक्षित उत्तरे सहज दिली.

शेतकऱ्यांच्या उत्तरात शहाणपण नाही असे कोण म्हणेल! मोहिमेच्या अहवालांवर मध्य आशियातील जनतेला कमी लेखल्याचा राजकीय आरोप झाला. लुरियांना त्यावरचे पुस्तक छापायला १९७४ पर्यंत थांबावे लागले. आरोपामागचा हेतू काहीही असो, शंकेला जागा होती. पुढे सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांनी लायबेरियातील वाई लोकांत अभ्यास केला. तिथे शाळेत न जाताही स्वतःची लिपी शिकणारे लोक होते. अशी कोडी सोडवण्यात फरक पडतो तो मुख्यतः शाळेतल्या सवयींमुळे, निव्वळ अक्षरओळखीमुळे नाही, असे १९८१ मधील त्यांच्या पुस्तकातून समोर आले.

‘निकट विकास क्षेत्र’ नेमके काय?

ही संकल्पना वायगॉट्स्कींच्या आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांतली आहे आणि त्यांच्या लिखाणात तिने व्यापलेली पाने थोडीच आहेत. उदाहरण त्यांचेच. बुद्धिमापन चाचणीत दोन मुलांचे मानसिक वय ८ निघाले. नेहमीच्या पद्धतीत काम इथे संपते, दोघे सारखेच. वायगॉट्स्की म्हणतात, आता थोडी मदत करून पाहा. एखादा सूचक प्रश्न विचारा, पहिली पायरी दाखवा. आता एक मूल १२ वर्षांच्या मुलांची गणिते सोडवते, तर दुसरे ९ च्या पुढे जात नाही. मग ही दोन मुले सारखी आहेत का? एकट्याने गाठलेली पातळी आणि मदतीने गाठलेली पातळी यांच्यामधले अंतर म्हणजे निकट विकास क्षेत्र. पहिल्या मुलाचे ते ४ वर्षांचे, दुसऱ्याचे १ वर्षाचे.

बागेचा अंदाज फक्त पिकलेल्या फळांवरून घेऊ नये, हा दृष्टांतही ते देत. आंब्याचा बागायतदार मोहोर बघूनच हिशेब मांडतो, तसे काहीसे. शिकवणे विकासाच्या मागून फरफटत जाऊ नये, थोडे पुढे असावे, हा यातून निघणारा शिक्षकांसाठीचा मुद्दा. खेळातही हे क्षेत्र तयार होते, असे त्यांनी १९३३ मधील व्याख्यानात मांडले. भातुकलीत आई झालेली मुलगी एरवी न पाळणारे नियम निमूटपणे पाळते, कारण आई कशी वागते याचा नियम खेळातच असतो.

हा नुसता वर्गातला प्रश्न नव्हता. सोव्हिएत शाळांत तेव्हा बुद्धिमापनाची लाट होती. ‘पेडॉलॉजी’ म्हणजे बालविकासशास्त्र या नावाखाली चाचण्या होत आणि कमी गुण मिळालेल्या कामगार-शेतकऱ्यांच्या मुलांची रवानगी खास शाळांत होई. एका आकड्यावर मुलाची वाट ठरत होती. वायगॉट्स्की स्वतः पेडॉलॉजीचे मोठे नाव होते, पण या पद्धतीच्या मापनाला त्यांचा विरोध होता.

मृत्यूनंतर काय घडले?

शेवटची वर्षे मॉस्को, लेनिनग्राड आणि खारकोव्ह यांच्यातल्या रेल्वेप्रवासात गेली. व्याख्याने, रुग्ण तपासणे, रात्री लिखाण आणि कधीकाळी महिनाभरात सोडलेल्या वैद्यकशास्त्राचा नव्याने अभ्यास. जुने सहकारी खारकोव्हला गेले होते, लिओन्तिएव्ह यांच्याशी वैचारिक अंतर पडले होते. मे १९३४ मध्ये रक्ताची उलटी झाली. ११ जून १९३४ रोजी मॉस्कोतील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात त्यांचे निधन झाले. वय ३७. मागे पत्नी आणि दोन मुली. ‘विचार आणि भाषा’ या मुख्य ग्रंथाचे शेवटचे प्रकरण त्यांनी आजारपणात तोंडी सांगून लिहून घेतले होते. ग्रंथ त्याच वर्षी, मृत्यूनंतर छापला गेला.

४ जुलै १९३६ रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने पेडॉलॉजीविरुद्ध ठराव काढला. चाचण्यांच्या आधारे सामान्य मुलांना मागास ठरवले जाते, हा त्यातला मुख्य ठपका होता. तक्रार खरी होती. पण अशा चाचण्यांवर टीका करणारेही त्याच झाडूने बाहेर काढले गेले. पेडॉलॉजीची पुस्तके ग्रंथालयांतून हटली. वायगॉट्स्कींवर औपचारिक बंदी कितपत होती याबद्दल अभ्यासकांत आज वाद आहे. त्यानंतर त्यांच्या पुस्तकांची नवी आवृत्ती निघायला मात्र १९५६ उजाडले.

मग जगाला ते कसे कळले?

१९६२ मध्ये मुख्य ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद आला, पण बराच काटछाट केलेला. १९७८ मध्ये आलेल्या ‘माइंड इन सोसायटी’ने त्यांना पाश्चात्त्य वर्गखोल्यांत पोहोचवले. हे पुस्तक वायगॉट्स्कींनी त्या रूपात कधीच लिहिले नव्हते. संपादकांनी वेगवेगळ्या हस्तलिखितांचे भाग निवडून, जोडून ते तयार केले आणि तसे प्रस्तावनेत सांगितलेही. वाचकांनी बहुधा प्रस्तावना ओलांडली.

गैरसमज पसरले ते यातूनही. वायगॉट्स्कींच्या नावावर खपणारा ‘स्कॅफोल्डिंग’ हा शब्द त्यांचा नाही. इमारतीला बांधतात ती परांची, काम झाले की काढून टाकायची. ही उपमा डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांच्या १९७६ मधील लेखातून रूढ झाली. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचणाऱ्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांना मोठ्या माणसाने किती व कशी मदत करावी, हा त्याचा विषय. दोन्ही कल्पना जुळतात, म्हणून एकत्र शिकवल्या जातात. पण परांची बांधणाऱ्याबद्दल बोलते, तर निकट क्षेत्र मुलामध्ये काय उमलते आहे याबद्दल.

महाराष्ट्रात २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, तेव्हा ज्ञानरचनावाद हा शब्द जिल्हा परिषदेच्या शाळाशाळांत पोहोचला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधील वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. जमिनीवर रंगवलेल्या आकृत्या, गटात बसलेली मुले, एकमेकांना समजावून सांगणे. ज्ञानरचनावादाच्या मुळांशी पियाजेंसोबत वायगॉट्स्कींचेही नाव घेतले जाते. फरशीवरच्या आकृत्यांची नक्कल सोपी असते. कोणत्या मुलाला नेमकी किती मदत लागते हे ओळखणे अवघड, त्याला प्रत्येक मुलाजवळ बसायला वेळ लागतो. परीक्षा मात्र अजूनही एकेकट्यानेच द्यायची असते, टीईटीसुद्धा.

वायगॉट्स्कींचे बरेच लिखाण कुटुंबाने जपून ठेवले होते. त्या संग्रहातील निवडक टिपणवह्या २०१८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाल्या. लंडन प्रवासातल्या नोंदी, झाखारिनो रुग्णालयात खाटेवर केलेली टिपणे आणि न लिहून झालेल्या पुस्तकांचे आराखडे असे बरेच काही त्यात आहे.